लायसनवरचा एक ‘ओ’

पहिली पाळी सुटायच्या सुमारास सातपूरच्या आयटीआय सिग्नलपाशी पाच मिनिटे उभे राहून पाहावे. त्र्यंबक रोडवरून, अंबड लिंक रोडकडून, औद्योगिक वसाहतीच्या आडव्याउभ्या रस्त्यांवरून दुचाक्यांचा असा काही लोंढा येतो की पलीकडे जायला वाट मिळत नाही. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या काळात सातपूरला कारखान्यांची वसाहत उभी राहिली. मोटारी आल्या, मोटारींचे सुटे भाग बनवणारे कारखाने आले. १९८२ मध्ये नाशिकची महापालिका झाली तेव्हा सातपूरही तिच्यात गेले. या सगळ्या वर्षांत इथल्या कामगाराचे वाहनही एकेक पायरी चढत आले. आधी सायकल, मग लुना, मग नंबर लावून मिळालेली चेतक, मग मोटरसायकल. आता तर घरटी दोन-तीन गाड्या आहेत आणि उभ्या करायला जागा नाही.

या लोंढ्यातल्या प्रत्येकाच्या खिशात लायसन आहे असे आपण क्षणभर धरून चालू. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्या गाडीवर तो बसला आहे, त्याच गाडीचे ते लायसन आहे का? तीस वर्षे या रस्त्याने कंपनीत जा-ये करणाऱ्या मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो पडला एका रविवारी सकाळी, मोटरसायकलच्या विम्याचे नूतनीकरण करताना. अर्जात एक ओळ होती : मालक-चालकाकडे वैध परवाना आहे काय? दरवर्षी मी तिथे ‘होय’ करून पुढे जात असे. त्या दिवशी का कोण जाणे, पाकिटातून कार्ड काढले आणि चष्मा लावून नीट वाचले. वाचले आणि गार पडलो. मग घरातल्या सगळ्यांची कार्डे मागवली आणि चहाचे कप बाजूला सारून टेबलावर पत्त्यांसारखी मांडली.

पाच कार्डे, तीन गाड्या

घरात गाड्या तीन. माझी १२५ सीसीची मोटरसायकल, पत्नीची ११० सीसीची बिनगिअरची स्कूटर, आणि आमच्याकडे राहून वसाहतीत कंत्राटी कामाला जाणाऱ्या भाच्याची १५० सीसीची मोटरसायकल. चालवणारे पाच : मी, पत्नी, थोरली लेक, बारावीतला धाकटा आणि भाचा. कार्डेही पाचच. म्हणजे वरवर पाहता सगळे आलबेल. प्रत्यक्षात त्या टेबलावर दोनच माणसे कायद्याने गाडी चालवत होती, आणि दोन्ही बायका होत्या.

माझ्या कार्डात वर्ग बरोबर होता, मुदत संपलेली होती. मी पहिले लायसन काढले १९९४ साली, चोविसाव्या वर्षी. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ते वीस वर्षे किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, यातले जे आधी येईल तोवर चाले. २०१४ मध्ये नूतनीकरण केले तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो, त्यामुळे पुढची मुदत पन्नाशीपर्यंतच मिळाली. पन्नाशी आली २०२० मध्ये, नेमकी कोरोनाच्या वर्षात. तेव्हा सरकारने सगळ्याच कागदपत्रांच्या मुदती वाढवल्या होत्या. वाढवलेली मुदतही संपली, हे मात्र माझ्या ध्यानातून गेले. म्हणजे कितीतरी वर्षे मी रोज सकाळी हेल्मेट घालून, सिग्नल पाळून, बिनलायसनचा कंपनीत जात होतो.

मुदतीचे हे गणित २०१९ च्या दुरुस्तीने बदलले आहे, ते एकदा समजून घेतलेले बरे. खासगी वाहनाचे लायसन तिशीच्या आत काढले तर ते वयाच्या चाळिशीपर्यंत चालते. तीस ते पन्नास या वयात काढले किंवा नूतनीकरण केले तर दहा वर्षे. पन्नास ते पंचावन्नमध्ये केले तर साठीपर्यंत, आणि पंचावन्ननंतर दर खेपेस पाच वर्षे. मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटला असेल, तर नुसती फी भरून भागत नाही, गाडी चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. पूर्वी ही सवलत पाच वर्षांची होती. आपल्या वयाच्या अनेकांच्या पाकिटात ‘पन्नाशीपर्यंत’वाली जुनी कार्डे आहेत. त्यांनी हा लेख इथेच खाली ठेवून आधी ते पाहून यावे.

गिअरची आणि बिनगिअरची

भाच्याच्या कार्डाची मुदत भरपूर होती, पण घोटाळा त्याहून मोठा होता. सरकारी भाषेत लायसनला अनुज्ञप्ती म्हणतात. ती ‘गाडी चालवण्याची’ अशी सरसकट नसते, अमुक वर्गाच्या वाहनाची असते. मोटार वाहन कायदा १९८८ चा, अमलात आला १ जुलै १९८९ रोजी. त्याच्या दहाव्या कलमात हे वर्ग दिले आहेत. पहिला, बिनगिअरची मोटरसायकल. दुसरा, गिअरची मोटरसायकल. तिसरा, शारीरिक अडचण असलेल्यांसाठी फेरफार करून घेतलेले वाहन. मग हलके मोटार वाहन, परिवहन वाहन, रोड रोलर वगैरे. स्कूटर नावाचा वेगळा वर्ग कायद्यात नाहीच. दोन चाकांचे मोटार वाहन म्हणजे मोटरसायकल, मग तिला आपण स्कूटर म्हणा, मोपेड म्हणा की बाइक. कायदा एवढेच विचारतो, की गिअर आहे की नाही?

कार्डावर हे वर्ग इंग्रजी आद्याक्षरांत छापलेले असतात. गिअरच्या गाडीला एमसीडब्ल्यूजी, बिनगिअरच्या गाडीला एमसीडब्ल्यूओजी. दोहोंत फरक एका ‘ओ’चा. गिअरवाल्याला बिनगिअरची गाडी चालवता येते, उलट मात्र चालत नाही. भाच्याच्या कार्डावर तो ‘ओ’ होता.

विचारले तेव्हा सगळा उलगडा झाला. चाचणी ज्या वर्गासाठी द्यायची त्याच वर्गाची गाडी घेऊन द्यावी लागते. पेठ रोडवरच्या आरटीओच्या आवारात इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वळणावर पाय न टेकता गाडी फिरवायची असते. भाचा तेव्हा गावाहून नवा आलेला, स्वतःची गाडी नव्हती. कोणीतरी शहाण्याने सांगितले, “स्कूटर घेऊन जा, तिच्यावर आठ सोपा निघतो.” तो मामीची स्कूटर घेऊन गेला, पहिल्याच फटक्यात पास झाला, आणि आम्ही पेढेही खाल्ले. सहा महिन्यांनी हप्त्यावर मोटरसायकल घेतली. लायसन तर आहेच, म्हणून पुन्हा कोणी कार्ड वाचले नाही. मीही नाही.

उलट बाजूला आमची लेक. कॉलेजात असताना तिने हट्टाने माझ्या मोटरसायकलवर चाचणी दिली होती. पहिल्यांदा पाय टेकला, नापास झाली. दुसऱ्या वेळी पास झाली. तेव्हा आजीने ‘पोरीच्या जातीला हे कशाला’ म्हणून ऐकवलेही होते. आज घरातल्या तिन्ही गाड्या कायद्याने चालवू शकणारे घरात कोणी असेल तर ती एकटी. पत्नीच्या कार्डावर ‘ओ’ आहे, पण ती स्कूटरखेरीज दुसऱ्या गाडीला हात लावत नाही आणि तिची मुदत २०३० पर्यंत आहे. तीही निर्धास्त.

डाव्या हाताची सवय

इथवर वाचून कोणी म्हणेल, की हा सगळा कागदी किस आहे. पोराला गिअरची गाडी येते, रोज चालवतो, मग एका अक्षराने काय बिघडले? भाचाही तेच म्हणाला. पण बोलता बोलता त्याने गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला तोवर सांगितली नव्हती.

श्रावणातला दिवस होता. त्र्यंबकेश्वरच्या बाजूने येताना रस्ता ओला, पुढे टेम्पो. टेम्पोवाल्याने अचानक वेग कमी केला. याने घाबरून डाव्या हाताचा दांडा गच्च आवळला आणि गाडी थांबण्याऐवजी मोकळी सुटल्यासारखी पुढे धावली. कसाबसा टेम्पो चुकवला आणि रस्त्याच्या कडेला चिखलात जाऊन पडला. गुडघा फुटला, एवढ्यावर निभावले. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला म्हणाला, “ब्रेक फेल झाला होता.” मेकॅनिकने दोन्ही ब्रेक तपासले, काही दोष सापडला नाही.

दोष गाडीत नव्हताच. बिनगिअरच्या स्कूटरला डाव्या हाताला ब्रेक असतो. गिअरच्या मोटरसायकलला डाव्या हाताला क्लच असतो आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. क्लच दाबला की इंजिन आणि चाक यांचा संबंध सुटतो. गाडी थांबत नाही, उलट इंजिनाची जी थोडी ओढ वेग कमी करत असते तीही जाते. एरवी शांतपणे चालवताना हे सगळ्यांना ठाऊक असते. पण जिवावर बेतते तेव्हा माणूस डोक्याने चालत नाही, हाताला जी पहिली सवय लागली ती हात करून मोकळा होतो. भाच्याच्या हाताला पहिली सवय मामीच्या स्कूटरची होती.

कायद्याने गिअर आणि बिनगिअर असे दोन कप्पे केले, त्यामागे हे साधे यंत्रशास्त्र आहे. दोन्ही गाड्यांना चाके दोनच असली तरी हातापायांची कामे वेगळी आहेत, म्हणून चाचणीही वेगळी. गंमत अशी, की गाडीचे नाव तेच राहून तिचा वर्ग बदलू शकतो. १९७२ पासून आपल्या रस्त्यांवर धावलेल्या चेतकचे गिअर डाव्या मुठीत होते, ती गिअरवाल्या लायसनचीच गाडी. २०२० मध्ये त्याच नावाची विजेवरची स्कूटर बाजारात आली, तिला गिअर नाही. जुन्या चेतकवर आयुष्य काढलेल्या बापाचे लायसन नव्या चेतकला चालते. नव्या चेतकवर चाचणी दिलेल्या मुलाला मात्र बापाची जुनी चेतक दारातून बाहेर काढता येत नाही.

सोळा वर्षांचे लायसन

आता धाकट्याचे कार्ड. याच्या बाबतीत मी सर्वांत जास्त दोषी, कारण त्याच्या अर्जावर पालक म्हणून सही माझी.

कायद्याचे चौथे कलम म्हणते की सार्वजनिक जागी मोटार वाहन चालवायला वय अठरा पूर्ण हवे. त्याला एक सवलत जोडलेली आहे : ५० सीसीपर्यंतची मोटरसायकल सोळा पूर्ण झालेल्याला चालवता येईल. अठराच्या आतल्या मुलाला शिकाऊ लायसन द्यायचे तर पालकाची लेखी संमती लागते. याच वाटेने आपल्याकडे दहावी झालेल्या हजारो मुलांच्या हाती ‘सोळा वर्षांचे लायसन’ येते. क्लासला जायचे असते, कॉलेज लांब असते, बापाची पाळी आणि मुलाची वेळ जुळत नसते. आमचेही तसेच झाले.

पण ५० सीसीची गाडी आहे कुठे? ही सवलत लिहिली गेली तेव्हा रस्त्यावर लुना होती. १९७२ साली ‘कायनेटिक’ने आणलेली ती पायडलची मोपेड ५० सीसीचीच. तेव्हाच्या सोळा वर्षांच्या मुलाला कायद्याने जी गाडी देऊ केली ती दुकानात मिळत होती. आज पेट्रोलवरची साधी मोपेडसुद्धा १०० सीसीच्या घरात आहे, आणि मुले ज्या स्कूटर चालवतात त्या ११० किंवा १२५ सीसीच्या. कायद्याने दार उघडे ठेवले आहे, पण त्या दारातून जाईल अशी गाडी बाजारात उरलेली नाही. म्हणून सोळा वर्षांचे लायसन खिशात घेऊन ११० सीसीची स्कूटर चालवणारा मुलगा कायद्याच्या लेखी बिनलायसनचाच असतो. हे ना क्लासवाले सांगतात, ना अर्ज भरून देणारे.

२०१९ च्या दुरुस्तीने यात आणखी एक कलम घातले, १९९-अ. अल्पवयीन मुलाकडून वाहनासंबंधी गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. ‘मला ठाऊक नव्हते’ हे सिद्ध करण्याचा भार पालकावर. मुलाकडे लायसन असेल तर पालकाला यातून सूट आहे, पण ज्या गाडीचे लायसन आहे तीच गाडी तो चालवत असेल तरच. आणि सगळ्यांत जिव्हारी लागणारे पुढे आहे : अशा मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. विचार करा, आयटीआय किंवा डिप्लोमा करून एकोणिसाव्या वर्षी पोरगा नोकरीला लागतो. ज्या वसाहतीत पाळीच्या वेळेला दुचाकीवाचून पोहोचणे मुश्कील, तिथे तो पुढची सहा वर्षे दुसऱ्याच्या गाडीच्या मागे बसून जाणार. बापाने दोन वर्षांची सोय पाहिली, तिची किंमत पोराने सहा वर्षे मोजायची.

विजेच्या गाड्यांबद्दलही गैरसमज पुष्कळ आहेत. ज्या बॅटरीच्या दुचाकीची मोटर २५० वॉटच्या आत आहे, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे आणि जी तशी प्रमाणित झालेली आहे, ती कायद्याने मोटार वाहनच नव्हे. तिला लायसन नको, नोंदणी नको. त्यापुढची प्रत्येक विजेची स्कूटर मात्र इतर कोणत्याही स्कूटरसारखीच, अठरा वर्षे पूर्ण आणि बिनगिअरचे लायसन हवे. ‘इलेक्ट्रिक आहे, काही लागत नाही’ असे दुकानदार म्हणाला तर मोटरची ताकद आणि वेग कागदावर दाखवायला सांगावे. आणि वेगाची मर्यादा काढून दिलेली गाडी घरी आणली, तर ती मोटार वाहनच आणली असे समजावे.

विम्याचा हिशेब

पोलिसाने अडवले तर काय, याचा हिशेब लोक पटकन मांडतात. लायसनशिवाय, म्हणजेच त्या वर्गाच्या लायसनशिवाय गाडी चालवली तर कलम १८१ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. अशा माणसाला गाडी देणाऱ्या मालकालाही कलम १८० नुसार तेवढेच. २०१९ पूर्वी चालवणाऱ्याचा दंड पाचशे रुपये होता, तेव्हाची बेफिकिरी अजून आपल्या अंगातून गेलेली नाही. त्यातून नाक्यावर दिसते ते हेल्मेट. १५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिकमध्ये ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी मोहीम झाली, तिची चर्चा घरोघरी झाली. हेल्मेट लांबूनही दिसते. कार्डावरचा ‘ओ’ कोणाला दिसत नाही. तो दिसतो अपघात झाल्यावर, विम्याच्या माणसाला.

विम्याचे दोन भाग वेगळे समजून घ्यायला हवेत. पहिला तिऱ्हाइताचा, म्हणजे आपल्या गाडीने ज्याला इजा झाली त्याचा. स्वर्ण सिंग खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत पायंडा घालून दिला. बिनगिअरच्या मोटरसायकलचे लायसन असलेला माणूस दुसरीच गाडी चालवतो, हे उदाहरण त्या निकालपत्रातच आहे. न्यायालयाने सांगितले की केवळ लायसनमध्ये उणीव आहे एवढ्यावर विमा कंपनी सुटत नाही. त्या उणिवेमुळे अपघात घडला आणि मालकानेही काळजी घेतली नाही, हे तिला दाखवावे लागते. जखमी माणसाचे मात्र अडून राहू नये, म्हणून कंपनीने त्याला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, अशीही वाट त्यात आहे. भरपाई लाखांत असते. हप्त्यावर मोटरसायकल घेणाऱ्याकडून लाख रुपये वसूल होणे म्हणजे काय, हे सातपूरमध्ये कोणाला समजावून सांगायला नको.

दुसरा भाग मालकाच्या स्वतःच्या अपघाताचा. २०१८ पासून या विम्याची रक्कम पंधरा लाख रुपये आहे. पण त्याची अट स्पष्ट आहे : गाडी चालवणाऱ्या मालकाकडे वैध लायसन हवे. भाच्याची मोटरसायकल त्याच्याच नावावर. गावाकडे त्याची आई, म्हणजे माझी बहीण, त्याने धाडलेल्या पैशांवर घर चालवते. त्या दिवशी तो चिखलात पडला म्हणून निभावले. टेम्पोखाली गेला असता, तर पंधरा लाखांच्या कागदावर बोट ठेवून त्या माउलीला कोणीतरी तो ‘ओ’ दाखवला असता. आणि माझ्या बाबतीत? मी तर दरवर्षी ‘होय’ लिहून खोटे सांगत होतो. अजाणता, पण खोटेच.

शंभर सीसी आणि हजार सीसी

आपल्या कायद्याचे हे वर्गीकरण पुरेसे आहे का, हाही एक प्रश्न आहे. गिअर आहे की नाही एवढेच तो पाहतो, ताकद पाहत नाही. शंभर सीसीच्या गाडीवर आठ काढून पास झालेला अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी हजार सीसीची गाडी रस्त्यावर आणू शकतो. लायसन तेच. युरोपातल्या देशांत तसे नाही. तिथे आधी १२५ सीसीपर्यंतची हलकी गाडी, मग ३५ किलोवॉटपर्यंतची, आणि त्यावर दोन वर्षांचा अनुभव घेतल्यावर वाटेल ती, अशा पायऱ्या आहेत. मधली पायरी न चढता थेट मोठी गाडी हवी असेल तर वय साधारण चोवीस हवे. सिंगापुरात २०० सीसी, ४०० सीसी आणि त्यापुढची अशी तीन वेगळी लायसने आहेत. जपानमध्ये ४०० सीसीच्या वर जायचे तर वेगळा परवाना लागतो. गाडीची ताकद वाढत जाईल तशी माणसाची परीक्षा घ्यायची, हे त्यामागचे सूत्र.

आपल्याकडेही कधीतरी असे होईल, न होईल. ५० सीसीची ती सवलत आजच्या गाड्यांना जुळवून घ्यावी की काढूनच टाकावी, हेही ठरवायला हवे. पण जे नियम आज आहेत तेवढे तरी आपण पाळतो का? कच्चे लायसन घ्या. २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या साहाय्याने घरबसल्या परीक्षा देऊन ते मिळू लागले. मिळते सोपे, म्हणून ते पक्क्यासारखेच वापरले जाते. त्याची मुदत सहा महिन्यांची, आणि ते मिळून तीस दिवस झाल्यावाचून पक्क्याची चाचणी देता येत नाही. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर तांबडा ‘एल’ लावायचा, अठरा सेंटिमीटर चौरस पाटीवर दहा सेंटिमीटर उंचीचा, इतके ते नेमके लिहिलेले आहे. आणि मागे कोणी बसवायचे असेल तर तो शिकवणारा, पक्क्या लायसनचाच हवा. मित्राला मागे बसवून पाळीला जाणारी कच्च्या लायसनची पोरे रोज दिसतात, ‘एल’ मात्र क्वचित दिसतो.

पेठ रोडची वारी

त्या रविवारी टेबलावर जे ठरले ते असे. धाकट्याने स्कूटरची किल्ली आईच्या हाती दिली. अठरा पूर्ण व्हायला आठ महिने आहेत, तोवर सिटीलिंकची बस आणि सायकल. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. ‘वर्गातले सगळे चालवतात’ हे त्याचे म्हणणे खरेच होते, त्यामुळे मलाही उत्तर सुचले नाही.

भाच्याने गिअरच्या वर्गासाठी नव्याने कच्चे लायसन काढले. असलेल्या लायसनमध्ये वर्ग वाढवून मिळतो, सगळे मुळापासून करावे लागत नाही, पण कच्चे, तीस दिवस आणि चाचणी एवढे करावेच लागते. फी काही शे रुपयांच्या घरात. त्या महिन्यात रोज संध्याकाळी लेक त्याला मोकळ्या रस्त्यावर घेऊन जाई, मागे बसे, आणि मध्येच ओरडे, “थांब!” तो उजवा पाय आधी दाबतो की डावा हात आवळतो, हे ती पाही. पहिल्या आठवड्यात डावा हातच आवळला जाई. चौथ्या आठवड्यात पाय आपोआप खाली जाऊ लागला.

माझे काय? चाळिशी ओलांडलेल्याला लागते ते डॉक्टरचे प्रमाणपत्र घेतले, अर्ज केला आणि चाचणीची तारीख मिळेपर्यंत मोटरसायकल झाकून ठेवली. महिनाभर लेकच मला कंपनीच्या दारात सोडत होती. हेल्मेट घालून लेकीच्या मागे बसून येणारा पंचावन्न वर्षांचा माणूस पाहून गेटवरचा पहारेकरी दोन दिवस हसला. तिसऱ्या दिवशी त्याने कारण विचारले. मी सांगितले, तसे त्याने तिथेच खिशातून स्वतःचे कार्ड काढले, डोळ्यांपासून लांब धरले, जवळ आणले, आणि मला म्हणाला, “साहेब, हे बारीक अक्षर जरा वाचून दाखवता का?”

मी वाचले. त्याच्या कार्डावरही ‘ओ’ होता. मागे भिंतीला टेकून त्याची मोटरसायकल उभी होती.